आधी शेडमधलं औषध हलव

सांगली

प्रिय दत्ता,

धाकटा रात्री-अपरात्री मोबाईलवर अनोळखी लोकांशी विषारी रसायनांबद्दल बोलतोय, असं तू कळवलंस. मोबाईल काढून घेऊ का, म्हणून विचारतोस. मोबाईलचं नंतर बघू. आधी शेडमधलं फवारणीचं औषध हलव, आजच.

तासगावात द्राक्षाची छाटणी झाली की फवारण्या सुरू होतात आणि अर्धवट बाटल्या फळीवर, माळ्यावर, पंपाशेजारी पडून राहतात. सगळ्या गोळा करून भावकीतल्या विश्वासू माणसाच्या घरी कुलपात ठेव. किल्लीही त्याच्याकडेच राहू दे. यापुढे कृषी सेवा केंद्रातून एका फवारणीपुरतंच आण. उंदराचं औषध आणि आईच्या गोळ्याही विसरू नकोस.

जीव द्यावासा वाटण्याची लाट बहुतेकांत ओसरते. त्या वेळी हाताशी काय आहे, यावर बरंच ठरतं. श्रीलंकेनं सर्वांत घातक कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बंद केली, तेव्हा 1995 नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण दोन तृतीयांशाहून जास्त घटलं.

आता त्या बोलण्याविषयी. मध्यरात्री खचलेला पोरगा काही विचारतो आणि त्याला उत्तर देणाऱ्यानं त्याचा चेहराही पाहिलेला नसतो. ‘त्रास होत नाही’ असं तिथं छातीठोकपणे सांगतात. ते साफ खोटं आहे. विषबाधेत माणूस शुद्धीवर असताना हाल होतात, वाचलेल्यांपैकी काहींना कायमची इजा राहते. ज्यांचं मन पालटलं ते तिथून निघून जातात, म्हणून त्यांचा आवाज तिथं ऐकूच येत नाही. मोबाईल हिसकावलास तर तो लपवायला शिकेल आणि त्याचे चांगले मित्रही तुटतील. शेजारी बस. कुणाशी बोलतोस, ते काय सांगतात, एवढं विचार. अनोळखी पार्सल आलं तर उघडू नकोस, वास घेऊ नकोस, 112 ला कळव.

मग सरळ विचार: “बाळा, जीव द्यायचा विचार मनात येतो का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मोकळं व्हायला वाट मिळते. “तुला काय कमी केलं आम्ही?” हे मात्र तोंडातून येऊ देऊ नकोस. हो म्हणाला, तर काही आणून ठेवलंय का, कधीचं ठरवलंय का, हेही विचार. तसं असेल तर रात्रीसुद्धा एकटा सोडू नकोस आणि त्याच दिवशी मिरजेच्या किंवा सांगलीच्या सिव्हिलला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे ने. टेली-मानसचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. तूही लावू शकतोस.

देव न करो, पण पोटात काही गेलंच तर 108. उलटी करवू नका, मिठाचं पाणी, दूध काही पाजू नका. कपड्यांवर सांडलं असेल तर हातमोजे घालून कपडे काढा, अंग साबणानं धुवा. डाव्या कुशीवर झोपवा. बाटली लेबलासकट सोबत न्या. तो बरा दिसला तरी थांबू नका, काही विषांचा परिणाम उशिरा दिसतो.

पोलिसांच्या धास्तीनं लोक काय घेतलं ते डॉक्टरांपासून लपवतात आणि नेमका उपचार लांबतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानतं, शिक्षेला पात्र नव्हे. दवाखाना पोलिसांत नोंद करेल, करू दे.

औषध हलवलंस की फोन कर. कितीही वाजू देत.

तुझा,
श्रीकांत