मुलांच्या पोटगीची माहिती शाळेच्या भिंतीवर लावा

संपादक साहेब, नमस्कार.

नवरा-बायकोचं पटत नाही, बाई माहेरी येऊन राहते, पोरं इकडच्या शाळेत घातली जातात आणि वर्ष-दोन वर्षं तशीच निघून जातात, हे आता गावोगावी दिसतंय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे अशी मुलं दरवर्षी वर्गात येतात. दाखला जुन्या शाळेत अडकलेला, आधारवर पत्ता सासरचा, आणि वह्या-दप्तराचा खर्च आजोबांच्या नाहीतर आईच्या मजुरीतून. वडलांकडून काही येतं का असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "केस टाकायला पैसे कुठनं आणू बाई?" सगळं अडतं ते इथंच, कारण वकील फुकट मिळतो हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे आणि त्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला आणि मुलांना, उत्पन्न कितीही असलं तरी, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते तिथं अर्ज द्यायचा, आणि एकदम कोर्टात जायची भीती वाटत असेल तर आधी १५१०० नंबरवर फोन करून विचारायचं. पोटगीसाठी सासरच्या गावाला हेलपाटे घालायची पण गरज नाही, आई आणि मुलं आत्ता जिथं राहतात तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. वकील अजून सवयीनं "एकशेपंचवीस टाकू" म्हणतात, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं पोटगीचं कलम १२५, पण १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १४४ झालंय, बाकी हक्क तोच. पूर्वी पोटगीच्या रकमेला कायद्यातच वरची मर्यादा होती, ती २००१ मध्ये निघाली, तरी "एवढ्याशा पैशांसाठी कोर्टाच्या पायऱ्या कोण झिजवणार" हे आम्ही अजून ऐकतोच.

दोन गोष्टी तर प्रत्येक आईला माहीत पाहिजेत. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलंय की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची, आणि दोघांनीही आपली कमाई, मालमत्ता, कर्ज सगळं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं. म्हणजे "समोरचा काही कमवतच नाही" असं तोंडी सांगून आता भागत नाही, पण अर्ज जितका लांबवाल तितके महिने मुलाचे बुडाले. आणि ऑर्डर होऊनही पैसे येत नसतील तर त्या त्या हप्त्याच्या वसुलीसाठी एक वर्षाच्या आत कोर्टात अर्ज करावा लागतो, नंतर त्या थकबाकीसाठी वॉरंट निघत नाही. "देईल की कधीतरी" म्हणून थांबलेल्या किती बायकांचे पैसे असे गेलेत.

आता दुसरी बाजू, आणि ही मला जास्त टोचते. पैसे देत नाही म्हणून पोरगं भेटायला द्यायचं नाही, आणि भेटू देत नाही म्हणून पैसे द्यायचे नाहीत, असं दोन्हीकडून चाललेलं असतं. पोटगी पण मुलाची आणि आई-बाप दोघं मिळणं हा हक्क पण मुलाचाच, (मारहाण, दारू असा धोका असेल तर गोष्ट वेगळी, तिथं कोर्टालाच ठरवू द्या.) माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील ट्रकवर असतात, दोघं वेगळे राहतात, पण पैसे महिन्याच्या महिन्याला फोनपेवर येतात आणि रविवारी ते फोनवर त्याच्याकडून पाढे म्हणवून घेतात. सतराचा पाढा वर्गात न अडखळता म्हणणारा तो एकटाच आहे. नाहीतर एकत्र राहणाऱ्या घरातले बापसुद्धा पालकसभेला फिरकत नाहीत, प्रगतीपुस्तकावर सही बघावी तर आईचीच. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक पाहिजेत, कागदावर ते असतातही, बैठकीला किती वडील येऊन बसतात ते कुठल्याही शाळेत जाऊन बघा.

राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेचंही फुकट वकिलासारखंच, ती आहे हेच बाईला माहीत नसतं. घटस्फोट झालेल्या, नवऱ्याने टाकलेल्या किंवा विधवा बाईच्या १८ वर्षांखालच्या मुलाला त्यातून मदत मिळू शकते, २०२३ मध्ये ती रक्कम महिन्याला २२५० रुपये केली. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जातो. कागदपत्रं गोळा करताना बाई मेटाकुटीला येते हे खरं आहे, पण योजनेचं नावच माहीत नसेल तर ती सुरुवात तरी कशी करणार?

म्हणून माझी मागणी साधी आहे. शाळेच्या भिंतीवर सुविचार रंगवतो तिथंच शेजारी १५१००, मुलांसाठीचा १०९८, तालुका विधी सेवा समितीचा आणि बालविकास ऑफिसचा पत्ता ऑइल पेंटने लिहून घ्या, अंगणवाडीतही लिहा, खर्च शे-दोनशेच्या वर जाणार नाही. जूनमध्ये पहिली पालकसभा होते तिला विधी सेवा समितीचा एक वकील अर्धा तास बोलवा, आणि त्या सभेला वडलांना वेगळा निरोप द्या, शक्यतो रविवारी ठेवा म्हणजे कामाचं कारण उरणार नाही. आणि साहेब, तुमच्या पेपरात हे नंबर शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात पहिल्या पानावर छापाल का? आमच्याकडे पेपर दुकानात येतो आणि चार घरं तो वाचतात.

– एक प्राथमिक शिक्षिका, जि. सांगली