बीपीची गोळी बंद केली, पण परत चालू कधी करायची?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सर्दी-तापाची साथ आली की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो, "अहो, व्हायरलमध्ये बीपीची गोळी घेऊ नये म्हणतात, खरं का?" मी वाई तालुक्यात मेडिकल चालवतो, डॉक्टर नाही, पण २०२० ला पसरलेली ही भीती अजून लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही हे रोज बघतोय.

तेव्हा झालं असं की कोरोनाचा व्हायरस एसीई-२ नावाच्या प्रथिनाला धरून पेशीत शिरतो हे कळलं, आणि रामिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळ्यांनी ते प्रथिन वाढतं असं प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत आधी दिसलेलं, त्यावरून मार्च २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय प्रकाशनाच्या एका जर्नलमध्ये एक छोटं पत्र आलं. ती नुसती शंका होती हो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर येईपर्यंत तिचा पुरावा झाला. लोकांनी तर अ‍ॅम्लोडिपिन ही वेगळ्या प्रकारची बीपीची गोळीपण बंद केली, जिचा या भानगडीशी काही संबंधच नाही. आणि फ्लूचा व्हायरस तर एसीई-२ च्या दारानं शिरतच नाही, मग तिथे कसली भीती?

नंतर ब्राझीलमध्ये हे नीट तपासलं. अ‍ॅडमिट झालेले, आधीपासून या गोळ्या घेणारे ६५९ कोरोना पेशंट, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एकाची गोळी ३० दिवस बंद, दुसऱ्याची चालू. बंद गटात २.७ टक्के दगावले, चालू गटात २.८, म्हणजे सारखंच. हे २०२१ च्या जानेवारीत छापून आलं, पण तो फॉरवर्ड कोणी केला नाही!

उलट बाजूचा घोळपण झाला. मे २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय जर्नलमध्ये यातल्या काही गोळ्यांनी जीव वाचतो असं सुचवणारा शोधनिबंध आला, १६९ हॉस्पिटलांचा डेटा म्हणे, तो मूळ डेटा कोणाला तपासायलाच मिळेना, जूनच्या सुरुवातीला शोधनिबंध मागे घ्यावा लागला. पुढे आयसीयूतल्या पेशंटना या गोळ्या नव्याने सुरू करून बघितल्या तर फायदा सोडाच, नुकसानच होतंय असं वाटून ट्रायल मध्येच थांबवली. म्हणजे गोळी बीपीचीच आहे, व्हायरसवरचं औषध म्हणून कोणी मागू नये.

आता हॉस्पिटलमध्ये डॉक्टर कधी कधी ही गोळी मुद्दाम थांबवतात आणि ते बरोबरच असतं, तापाने, जुलाबाने पाणी कमी झालेलं, बीपी खाली आलेलं, रक्तात क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) किंवा पोटॅशियम वाढलेलं, अशा वेळी ती देऊन कसं चालेल. माझी तक्रार त्याच्या पुढची आहे. मागच्या सीझनला एक काका डिस्चार्ज कार्ड घेऊन आले, अँटिबायोटिक, खोकल्याचं सिरप सगळं लिहिलेलं, खाली बारीक अक्षरात "टेल्मिसार्टन ४० होल्ड", म्हणजे तूर्त थांबवा. कधीपर्यंत होल्ड? काही नाही. काका म्हणाले, "हॉस्पिटलनेच बंद केली, म्हणजे आता सुटली!" बीपी मोजलं तर १८० च्या वर. तसंच त्यांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवलं, गोळी त्याच दिवशी परत सुरू झाली.

तर आपल्या आरोग्याच्या पानावर साथीच्या दिवसांत एवढी चौकट छापता आली तर बघा: घरी ताप आला म्हणून बीपीची गोळी मनाने बंद करायची नाही, उलट्या-जुलाब असतील किंवा चक्कर येत असेल तर डॉक्टरांना फोन करून विचारायचं, अ‍ॅडमिट होताना घरच्या गोळ्यांच्या स्ट्रिपा सोबत न्यायच्या, आणि डिस्चार्जच्या वेळी बिल भरायच्या गडबडीत असलात तरी थांबवलेली गोळी कोणत्या तारखेला सुरू करायची हे कार्डावर लिहूनच घ्यायचं. सिस्टरांना सांगितलं तरी त्या डॉक्टरांकडून लिहून आणतात.

आपला,
एक औषध विक्रेता, ता. वाई, जि. सातारा