‘साखर नाही’ लिहिलेल्या सीरियलबद्दल आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी मधुमेही आहे. नाश्त्याच्या सीरियलच्या पाकिटावर पुढच्या बाजूला काय छापलं जातं, याबद्दल आपल्याशी बोलायचं आहे.

‘वरून साखर घातलेली नाही’ असं तिथे ठळक लिहिलेलं असतं. ते खोटं नसतं, पण आमच्यासाठी अपुरं असतं. कॉर्नफ्लेक्सच्या वजनात 80 टक्क्यांहून जास्त कर्बोदकंच असतात. धान्य शिजवून, दाबून, भाजून फ्लेक्स केले की त्यातला स्टार्च पोटात झटपट पचतो आणि त्याचं ग्लुकोज होतं. शुद्ध ग्लुकोजचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे पदार्थ रक्तातली साखर किती झपाट्याने वाढवतो त्याचं माप, 100 धरला, तर साध्या साखरेचा 65च्या आसपास येतो आणि कॉर्नफ्लेक्सचा 80च्या. साखर टाळली म्हणून निर्धास्त झालेला माणूस मग मीटरवरचा आकडा पाहून हबकतो, आणि दोष स्वतःलाच देतो. याचं मला फार वाईट वाटतं.

ओट्सचंही तसंच. जाड ओट्स सावकाश पचतात, इन्स्टंट ओट्स जवळजवळ कॉर्नफ्लेक्सइतकी साखर चढवतात. पाकिटावरून हा फरक कळत नाही. त्यात सकाळची वेळ आमच्या विरुद्ध असते. पहाटे शरीरात कॉर्टिसोल आणि ग्रोथ हॉर्मोन ही संप्रेरकं वाढतात, यकृत ग्लुकोज सोडतं आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो.

सगळ्यात घातक आहे ते मात्र पाकिटावरचं माप. बहुतेक ठिकाणी आकडे 30 ग्रॅमचे दिलेले असतात, म्हणजे सुमारे 25 ग्रॅम कर्बोदकं. भूक लागलेला माणूस वाडग्यात सहज 60 ग्रॅम ओततो. झाली 50. त्यावर 200 मिलिलिटर दूध, म्हणजे लॅक्टोजची (दुधातल्या साखरेची) आणखी 10. कर्बोदकं मोजून इन्सुलिन घेणाऱ्याने छापील 25 वर विश्वास ठेवला, तर त्याचा डोस गरजेच्या निम्म्याहूनही कमी भरतो.

सगळी माहिती मागच्या बाजूला असते, असं उत्पादक म्हणतील. मधुमेहाने ज्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला आहे, त्यांनी ती बारीक अक्षरं कशी वाचायची?

चिलीने 2016 पासून जास्त साखरेच्या पदार्थांवर काळे अष्टकोनी इशारे सक्तीचे केले. पाऊल चांगलंच होतं, पण तिथेही मोजली जाते ती साखर, स्टार्च सुटतो. आपण त्याच्या पुढे जावं. पाकिटावर साखर नसल्याचा दावा असेल, तर एकूण कर्बोदकं आणि तंतू (फायबर) यांचे आकडे त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापणं बंधनकारक करा. आणि ते आकडे लोक खरोखर खातात त्या वाडग्याचे असू द्या, दुधासह. नियमांचा मसुदा तयार करताना उत्पादकांच्या बरोबरीने आहारतज्ज्ञांना आणि रोज सुई टोचून साखर तपासणाऱ्यांनाही चर्चेला बोलवावं, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक मधुमेही नागरिक