'चॅलेंज' घेण्याआधी

महोदय,

'३० दिवसांत शंभर जोर' छापाची चॅलेंज सध्या मोबाइलवर जोरात आहेत. खोट त्यांच्या वेळापत्रकातच असते: आकडा रोज वाढतो, सुट्टीचा दिवस नसतो. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतात, पण त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांना महिने लागतात. मग उत्साह ऐन भरात असताना खांदा किंवा कोपर धरतो, आणि खापर फुटते आळसावर!

'ताबाता' या झटपट व्यायामप्रकाराचेही तेच. २० सेकंद पूर्ण ताकदीने व्यायाम, १० सेकंद थांबा, अशा चार मिनिटांचा तो मूळ प्रयोग तयारीच्या खेळाडूंवर, एका जागी उभ्या सायकलवर झाला होता. आता नवखे सायकलऐवजी उड्यांचे व्यायाम करतात. उडीनंतर जमिनीवर उतरताना गुडघे आत वळू लागले की फेरी अर्धी टाकून थांबावे. अतिव्यायामानंतर लघवी काळपट-तपकिरी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण आल्याची ती खूण असू शकते.

दहा हजार पावलांचा आकडा तर १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पाऊलमोजणी यंत्राच्या नावातला. जागतिक आरोग्य संघटना सांगते आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम (बोलता येते, गाता येत नाही इतपत) आणि दोन दिवस ताकदीचा.

कंटाळा आलाच तर व्यायाम बुडवू नये, दहा मिनिटांवर आणावा. बूट घालून दाराबाहेर पडेपर्यंतच खरी कुरकुर असते.

– एक व्यायाम प्रशिक्षक