कठडा उन्हाळ्यापर्यंत थांबवू नकोस

आर्वी, जि. वर्धा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

वहिनी आणि बाळ दिवाळीनंतर माहेरून घरी येणार असल्याचे तुझ्या पत्रातून कळले, फार आनंद झाला. मात्र स्लॅबवर जाणाऱ्या जिन्याचा कठडा कापूस विकल्यावर उन्हाळ्यात बसवू, असे तू लिहिले आहेस, ते वाचून लगेच उत्तर लिहायला बसलो. बाळ आज पाच महिन्यांचे आहे. कापसाचे पैसे हाती येईपर्यंत ते रांगू लागेल आणि उन्हाळा लागेपर्यंत धरून उभे राहील.

काकू लक्ष ठेवतील, याविषयी मला शंका नाही. पण वेचणीच्या दिवसांत घरातली सगळी धडधाकट माणसे वावरात असतात, आणि मागे एकट्या काकूंवर चूल, गुरेढोरे, दारी आलेगेले आणि बाळ असे सगळे येऊन पडते. काल उपडे न वळणारे मूल आज वळते आणि ते आधी सांगत नाही. म्हणून लक्ष ठेवण्याबरोबरच घरात पडायची जागाच कमी करावी, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात बाजेपासून कर. बाज मधे खोलगट असल्याने बाळ मधेच राहते, असा आपल्याकडे समज आहे. परंतु गुडघ्यांवर येऊ लागलेले मूल दोऱ्यांना धरून सरकते, काठावरच्या माचव्याच्या लाकडावर छाती टेकवते आणि डोके जड असल्यामुळे आधी डोक्यावरच येते. भोवती उशा लावून उपयोग नाही, कारण तीच उशी पुढे चढायची पायरी होते आणि लहान बाळाच्या तोंडावर आली तर श्वासही अडवते. बाळाला खालीच निजव. विंचूकाट्याच्या भीतीने आपली माणसे खाली निजवायला तयार होत नाहीत, आणि ती भीती खरी आहे. त्यासाठी जमिनीवर सपाट गादी घालून मच्छरदाणीच्या कडा चारही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचाव्या. बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, मात्र बाळाला क्षणभरही एकटे ठेवू नये.

जिन्याच्या कठड्याचे गज उभेच हवेत, आडव्या गजांवर मुले शिडीसारखी चढतात. दोन गजांमधले अंतर चार इंचांपेक्षा कमी असावे, नाहीतर अंग बाहेर जाते आणि डोके अडकते. खाली आणि वर अशी दोन्हीकडे कडीची फाटके लाव, आणि वाळवण घालायला वर गेलेल्या माणसाने ती दरवेळी लावलीच पाहिजेत. कठडा होईपर्यंत वर जायची वाट पत्र्याने बंद करून टाक.

बाळाच्या मामाने वॉकर आणून ठेवले आहे, ते नम्रपणे परत कर. त्यात बसलेले मूल सेकंदाला तीन फूट धावते आणि आपण उठेपर्यंत ओट्याच्या कडेवरून खाली जाते. त्याने चालणेही लवकर येत नाही. कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली, ती अशाच अपघातांमुळे.

एवढे करूनही मूल पडलेच, तर त्याला गदागदा हलवू नका आणि डोके चोळू नका. वर्षाच्या आतले बाळ डोक्यावर पडले असेल तर ते हसत असले तरी डॉक्टरांना दाखवावे. पुन्हा पुन्हा उलटी, न उतरणारी गुंगी, झटका, नाकाकानातून पाणी किंवा रक्त, फुगलेली टाळू, काही केल्या न थांबणारे रडणे, यांपैकी एक जरी दिसले तरी रात्र काढू नका, 108 ला फोन करा. हा क्रमांक काकूंच्या फोनमध्ये पहिल्या जागी घालून ठेव.

जिन्याची लांबी आणि पायऱ्यांची उंची मोजून फोनवर कळव. इथला वेल्डर माझ्या ओळखीचा आहे, हंगाम संपल्यावर पैसे घ्यायला तो तयार आहे. येत्या रविवारी त्याला घेऊन येतो.

काकूंना नमस्कार, बाळाला अनेक आशीर्वाद.

तुझा मित्र