विल्स एकटा नव्हता

‘ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा जनक’ हा क्रिकेटपटू टॉम विल्सवरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. लेख रंजक आहे, पण हातापायांनी खेळल्या जाणाऱ्या या वेगळ्या फुटबॉलचे सारे श्रेय एकट्या विल्सला देणे पटत नाही. १० जुलै १८५८ रोजी मेलबर्नच्या एका वृत्तपत्रात त्याचे पत्र छापून आले (तेही संपादकांनाच लिहिलेले!). हिवाळ्यात क्रिकेटपटूंच्या अंगावर चरबी चढू नये म्हणून फुटबॉल क्लब काढा, ते जमत नसेल तर निदान रायफल क्लब तरी काढा, असे त्यात म्हटले होते. नियम मात्र १७ मे १८५९ रोजी हॅमर्स्ली, थॉम्पसन, स्मिथ आणि विल्स या मेलबर्न फुटबॉल क्लबच्या सदस्यांनी मिळून ठरवले. इंग्लंडमधल्या रग्बी शाळेत शिकलेल्या विल्सला तिथलेच नियम हवे होते. ते इतरांनी मानले नाहीत. पाय घालून पाडणे आणि ढकलणे चालेल, पण रग्बी शाळेतल्याप्रमाणे नडगीवर लाथ मारायची नाही, असे ठरले. म्हणजे या खेळाचे वेगळेपण काही अंशी विल्सचे म्हणणे डावलल्यामुळेच आले. लेखात हे यायला हवे होते.

– एक वाचक, पुणे