"मॅडम, सोडू का?" : सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मी लातूर जिल्ह्यात नर्सिंग शिकवते. आमच्या मुलींचा निकाल लागतो, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदलं जातं, पहिली नोकरी लागते आणि थोड्याच दिवसांत फोन यायला लागतात. "मॅडम, सोडू का? भीती वाटायली. इथं कुणी काही सांगंना." यातल्या बऱ्याच जणी केज, धारूर, अहमदपूर, रेणापूर भागातल्या. कुणाचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, कुणाची फी सोयाबीन विकून आलेल्या पैशातून भरलेली. त्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मी देऊ शकते. उरलेलं अर्धं आपल्या खात्याच्या हातात आहे.

पहिल्या दिवशी काय होतं ते आधी सांगते. हॉस्पिटल छोटं, खाजगी. मुलीच्या युनिफॉर्मचं माप घेतात, पगार सांगतात आणि मूळ प्रमाणपत्रं ऑफिसच्या कपाटात ठेवून घेतात. ट्रेनिंगचं विचारलं तर "शिकशील की हळूहळू." मग पहिल्याच आठवड्यात नाइट लावतात, तीही आयसीयूत, कारण जुनी सिस्टर सोडून गेलेली असते. आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, एकच आणि मजले तीन.

मराठवाड्यातल्या आयसीयूत रात्री काय येतं हे आपल्याला माहीत असेलच. औषध पिलेला पेशंट येतो. ऑर्गनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक पोटात गेलेल्या माणसाला उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन देतात. डोस काही मिनिटांच्या अंतराने वाढवत न्यायचा, छातीतली घरघर थांबेपर्यंत. नुसत्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबायचं नसतं, छाती ऐकायची, नाडी मोजायची. आणि जास्त झालं तर तोच पेशंट तापतो, बरळतो, चादर ओढतो, उठून पळायला बघतो. हे सगळं पुस्तकात आहे, परीक्षेत पोरी लिहितातही. पण विषाने बरळणारा कोण आणि अ‍ॅट्रोपिनने बरळणारा कोण, हे शेजारी उभ्या राहिलेल्या जुन्या सिस्टरने दोन-चारदा दाखवावं लागतं. पावसाळ्यात मण्यार चावलेला येतो. दंशाची खूण दिसत नाही, पेशंट फक्त पापण्या जड झाल्या म्हणतो. त्या पापण्यांकडे लक्ष गेलं नाही, तर पुढे त्याचा श्वासच थांबतो.

इन्सुलिनचं तर इतकं साधं आहे की सांगायलाही संकोच वाटतो. आपल्याकडच्या नेहमीच्या कुपीत एका मिलिलीटरला 40 युनिट असतात, पेनच्या कार्ट्रिजमध्ये 100. कुपी संपली म्हणून कार्ट्रिजमधलं औषध लाल टोपीच्या 40 च्या सिरिंजमध्ये ओढलं, तर खुणेवर आकडा बरोबर दिसतो आणि डोस अडीचपट जातो. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं कुणाच्या कामात लिहिलेली आहेत?

"मग कॉलेजात काय शिकवलं?" हा प्रश्न येणार. शिकवतो. पण विद्यार्थिनी घोळक्याने वॉर्डात जातात, व्हेंटिलेटर लांबून बघतात. जीएनएमच्या (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, नर्सिंगच्या पदविकेच्या) अभ्यासक्रमात शेवटी सहा महिन्यांची इंटर्नशिप आहे खरी, पण अनेक ठिकाणी त्या काळात पोरी म्हणजे वॉर्डातले फुकटचे हात. एमबीबीएस झालेल्याला वर्षभर इंटर्नशिप करावी लागते, आणि त्यानंतरही त्याच्या वर कुणीतरी असतं. डॉक्टर घडवायला आपल्याकडे 'लातूर पॅटर्न' आहे. नर्सला पहिल्या नाइटला उभं करण्याचा पॅटर्न कुठल्याच गावात नाही.

फोनवर मी काय सांगते? हात थरथरतात, घरी येऊन रडू येतं, एवढ्यावरून सोडू नको. ते सगळ्यांचं होतं, माझंही झालं होतं. मग मी विचारते, रात्री दोन वाजता अडलं तर विचारायला माणूस आहे का? चिडणारा, टोमणे मारणारा असला तरी चालेल. असेल तर थांब, त्याच्याकडून शीक. कुणीच नसेल तर लेखी अर्ज दे, 'मला आयसीयूत एकटीला लावू नका', आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेव. आणि न दिलेल्या औषधापुढे, किंवा नोंदणी नसलेल्या पोराने दिलेल्या इंजेक्शनपुढे तुझी सही मागत असतील, तर त्याच दिवशी बाहेर पड.

बाहेर पड म्हणणं मला सोपं आहे. प्रमाणपत्रं त्यांच्या कपाटात असतात. वर्ष पूर्ण केलं नाही तर अनुभवाचा दाखला नाही, आणि दाखला नाही तर दुसरीकडे पुन्हा 'फ्रेशर'. गावात बोलणारे बोलतातच, "एवढं शिकून घरी बसली." पगाराचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलातही नर्सला महिना 20,000 रुपयांपेक्षा कमी देऊ नये म्हटलं होतं. माझ्या मुलींना त्याच्या निम्म्याच्या आसपास सांगतात, आणि वर "तू तर अजून शिकतेयस" असंही ऐकवतात. पगार ठरवताना ती शिकाऊ असते आणि ड्युटी लावताना अनुभवी!

थांबण्याची किंमत वेगळी. नोव्हेंबर 2021 मध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूला आग लागून किमान 11 रुग्ण गेले, तेव्हा अटक झालेल्यांत डॉक्टरबरोबर परिचारिकाही होत्या. त्या प्रकरणाचा निवाडा करायला मी बसलेली नाही. पण ती बातमी प्रत्येक नर्सने वाचली आहे, आणि काही घडलं की कागदावर सही कुणाची असते हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

आता आपल्या खात्याबद्दल. नर्सिंगचं शिक्षण, परीक्षा हे सगळं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. खाजगी हॉस्पिटलची नोंदणी 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक किंवा महापालिका, म्हणजे आपल्याकडे. मुलगी पास झाली की त्यांचं काम संपतं, आणि हॉस्पिटलात नोंदणीकृत नर्स आहे एवढं दिसलं की आपलं. तिचा पहिला महिना कुणाच्याच फायलीत नाही.

तो आपल्या फायलीत घ्या. नव्या नर्सचे पहिले तीन महिने एका अनुभवी सिस्टरच्या हाताखालीच जावेत, तेवढा काळ तिला मंजूर मनुष्यबळात धरू नये आणि आयसीयूत, लेबर रूममध्ये एकटीला लावू नये, अशी अट नोंदणीच्या नियमांत घाला. मूळ कागद अडवणाऱ्याचं नूतनीकरण अडवा. जेवढे महिने काम केलं तेवढ्या महिन्यांचा दाखला देणं बंधनकारक करा. छोटं हॉस्पिटल म्हणेल, शिकवायला माणूस कुठून आणू? रास्त आहे. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या शासकीय रुग्णालयांतून निवृत्त झालेल्या सिस्टर आहेत. मानधन देऊन बोलवा, येतील.

फेब्रुवारी 2024 मध्ये राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही आहेत. तिथे बाहेरून आलेल्या नर्सला पात्रता मान्य होईपर्यंत सहसा देखरेखीखाली काम करावं लागतं, कमी पडेल ते शिकून घ्यावं लागतं किंवा परीक्षा द्यावी लागते. लातूरच्या पेशंटसाठी एवढी खबरदारी जास्त होईल का?

नवा कायदा करायला वेळ लागतो, हे समजतं. तोवर तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या तक्त्यात एक रकाना वाढवता येईल : नव्या नर्सला कोणी शिकवलं, किती दिवस, आणि दोघींच्या सह्या. त्याला परिपत्रक पुरेल.

आपली,
एक नर्सिंग शिक्षिका
जि. लातूर